गाळण्याआधी

थोडं स्थिर बसा. श्वासाला त्याच्या चालीने चालू द्या. मनात पाऊस आणा, जंगलावर पडणारा.

मुंबईत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलाव आहे. त्याच्या भोवतालच्या उतारांवर सागाची पानं पडली आहेत. एकाच पानाकडे बघा. ते भिजतं, मऊ पडतं, कुजू लागतं. बुरशी आणि जिवाणू त्याला विघटित करत राहतात. शेवटी पान दिसेनासं होतं. त्याचा जो अंश पाण्यात विरघळतो, त्यात ह्युमिक आणि फल्व्हिक आम्लं असतात. ती जास्त झाली की पाण्याला पातळ कोऱ्या चहाची छटा येते.

इथे थांबा. याला घाण म्हणू नका. जंगलच पाण्यात उतरलं आहे.

आता पानातून पाण्यात उतरलेल्या अतिसूक्ष्म कणांकडे लक्ष द्या. बहुतेकांवर ऋण विद्युतभार आहे. सारखा भार सारख्या भाराला दूर लोटतो. म्हणून ते एकमेकांजवळ येत नाहीत, जड होत नाहीत, तळाशी बसत नाहीत. पाणी रात्रभर झाकून ठेवलं तरी ते त्यातच राहतात. थोडे असतील तर पाणी डोळ्यांना नितळ दिसतं.

मग राहिले तर बिघडलं काय? 1974 साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की जंतू मारायला घातलेला क्लोरिन या सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावतो आणि त्यातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. अशी संयुगं वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नाही. म्हणून क्लोरिन सोडून द्यायचा असं नाही. जंतूंचा धोका त्याहून मोठा आणि तातडीचा आहे. क्रम तेवढा सांभाळायचा. सेंद्रिय द्रव्य आधी काढायचं, क्लोरिन नंतर.

हा क्रम मनात ठरू द्या. सावकाश.

आता पाण्यात तुरटी सोडा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती फिरवणारे हात अनेकांनी घरी पाहिलेले असतात. जलशुद्धीकरण केंद्रात हेच काम मोजूनमापून होतं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धन भार घेऊन पाण्यात पसरतं. कणांवरचा ऋण भार शमतो. दूर लोटणारं आता काही उरलेलं नाही. सुरुवातीला पाणी वेगाने ढवळतात, जेमतेम मिनिटभर, तुरटी सगळीकडे पोचावी म्हणून.

मग वेग उतरवतात. पुढची वीस-तीस मिनिटं पाती अगदी हळू फिरतात. तुम्हीही त्या गतीला या. कण कणाला भेटतो, चिकटतो. बारीक पांढुरके पुंजके धरू लागतात. पाती जोरात फिरली तर पुंजके फुटतात, आणि फुटलेले पुन्हा तितके घट्ट जुळत नाहीत. इथे आणखी जोर लावून काम लवकर होत नाही. जुळायला वेळ द्यावा लागतो.

पुंजके जुळले की गाळण्याची वेळ येते. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनचं, म्हणजे गाळणाऱ्या पातळ पडद्याचं, छिद्र साधारण 0.01 मायक्रॉनचं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. जिवाणू त्यातून जात नाहीत. पण पानाचा तो विरघळलेला अंश एकटा असला तर बराचसा पार निघून जातो. पुंजक्यात सामावला तरच अडतो. सिंगापूरच्या चेस्टनट अव्हेन्यू केंद्रात 2003 पासून ही जोडी काम करते: आधी कण जुळवणं, मग मेम्ब्रेनमधून गाळणं. गाळणी कितीही बारीक असली, तरी तिचं अर्धं काम तिच्या आधीच झालेलं असतं.

मेम्ब्रेनही थकते. अडवलेलं तिच्यावर साचतं, छिद्रं बुजत जातात. म्हणून ठरावीक वेळाने शुद्ध पाणी उलट्या दिशेने सोडून ती धुतात, आणि अधूनमधून रसायनांनी स्वच्छ करतात. जी अडवते, तिला मोकळंही करावं लागतं. आणि इतकं करूनही लहान, भार नसलेले काही रेणू निसटतात. सगळं निघालं असं समजू नका. पुष्कळ निघालं, हे मान्य करा.

शेवटी या कामामागच्या माणसाला आठवा. प्रयोगशाळेत तो काचेची भांडी ओळीने मांडतो, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घालतो, ढवळतो आणि कुठलं पाणी चांगलं निवळतं ते पाहतो. याला जार टेस्ट म्हणतात. रात्री पाऊस पडून गेला असेल तर कालची मात्रा आज चालेलच असं नाही. कमी पडली तर कण सुटे राहतात. फार झाली तर त्यांच्यावर उलटा भार चढून ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात. म्हणून पाणी बदललं, की तो मात्रा नव्याने ठरवतो. आपल्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात असं कुणाचं तरी लक्ष मिसळलेलं आहे. त्याबद्दल मनोमन आभार माना, आणि ते पाणी जपून वापरा.