कलश कुठवर न्यायचा?

तळेगाव दाभाड्यात कुणी गेलं, की बहुतेक घरांतली माणसं तिसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात सावडायला जातात. राखेवर पाणी शिंपडायचं, ती निवली की अस्थी हातानं वेचायच्या, मडक्यात ठेवून तोंडाला कापड बांधायचं. हे मडकं सहसा कुणी पारखून घेतलेलं नसतं. बांबू, सुतळी आणि कापडाबरोबर दुकानदारानंच ते दिलेलं असतं. आता मात्र तांब्याचे, पितळेचे, नक्षीचे कलश मिळू लागले आहेत आणि ऐन दुःखात घरात चर्चा सुरू होते, कोणता घ्यायचा? मला वाटतं, भांड्याआधी दुसरंच काही ठरवावं: या अस्थी कुठवर जाणार आणि तोवर किती दिवस आपल्यापाशी राहणार. एवढं ठरलं की भांड्याबद्दल फारसं बोलावं लागत नाही.

अस्थी जवळच इंदोरीला किंवा खाली आळंदीला इंद्रायणीत सोडायच्या असतील, तर मडकंच पुरे. मधले दिवस काढायचे असले तरी अनेक घरांत अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. मडकं स्मशानातच ठेवतात, नाहीतर झाडाला टांगतात. तिथं नक्षी पाहणार कोण? नाशिकच्या रामकुंडावर किंवा प्रयागला जायचं असेल, तर गोष्ट बदलते. एसटीच्या आणि रेल्वेच्या धक्क्यांत मातीचं भांडं तडकतं. तिथं घट्ट झाकणाचा तांब्याचा छोटा कलश घेणं शहाणपणाचं.

परदेशातून येणाऱ्या अस्थींचं गणित आणखी निराळं. आपल्याकडे वेचलेल्या थोड्याच अस्थी कलशात जातात, उरलेली राख वेगळी सोडतात. अमेरिकेत दहनानंतर उरलेली सगळी हाडं यंत्रात दळून कुटुंबाच्या हवाली करतात. प्रौढ माणसाची ती रक्षा साधारण दोन-तीन किलो भरते आणि तिला तीन लिटरांहून थोडं मोठं भांडं लागतं. इथून हौसेनं पाठवलेला तांब्याचा तांब्या तिथं अपुरा पडतो. शिवाय विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीत धातूच्या भांड्यातलं दिसत नाही, म्हणून प्रवासापुरती लाकडी किंवा प्लॅस्टिकची पेटी बरी. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र तिच्यासोबत ठेवावं. पेटी दिसायला साधी असते, पण तिचं काम पोचवण्याचं आहे आणि ते ती चोख करते.

आतापर्यंतचे सगळे कलश रिते होण्यासाठीच भरलेले. पण कायमचं जपून ठेवण्याची रीतही मावळाला परकी नाही. तळेगावहून लोकलनं मळवलीला उतरून भाजे लेण्यांत गेलं, तर तिथं चौदा स्तूप एकत्र उभे दिसतात. त्यांतल्या काहींवर दिवंगत भिक्षूंची नावं कोरलेली आहेत. नालासोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्याच्या पोटात एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा, असे करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 रोजी तळेगावशेजारच्या देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या अस्थी दादरच्या चैत्यभूमीत आणि नागपूरच्या दीक्षाभूमीत जतन केलेल्या आहेत. तिथं कलश मौल्यवान असणं शोभतं, कारण तो पिढ्यांसाठी आहे आणि त्याची देखभाल करणारा समाज त्याच्यामागे उभा आहे. फ्लॅटमधल्या कपाटात ठेवलेल्या कलशामागे कोण उभं राहणार, हे ठेवणाऱ्यानं आधी स्वतःला विचारलेलं बरं. मुलगा परदेशातून यायचा आहे म्हणून दोन महिने ठेवणं वेगळं, कुणाला ठरवता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं. एक वाटा नदीला आणि एक गावच्या शेताला द्यायचा असेल, तर सावडतानाच दोन भांडी न्यावीत. नंतर वाटणी करणं जिवावर येतं.

शेतात रक्षा घालून झाड लावणारी घरं महाराष्ट्रात वाढत आहेत. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे नदीत सोडलेल्या अस्थी गाळातच बसतात. शेतातही एक काळजी घ्यावी. राख अल्कधर्मी असते, एकाच ढिगानं मुळाशी ओतली तर रोप करपतं. भरपूर मातीत मिसळून ती पसरावी.

मडकं मातीचं म्हणून मातीत विरून जाईल, असं मात्र समजू नये. भाजलेली माती हजारो वर्षं टिकते. आपल्याच जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन-दोन मडक्यांत. तीन हजार वर्षांनंतरही ती मडकी ओळखता येत होती. म्हणून अस्थी सोडल्यावर रितं मडकं पाण्यात ढकलू नये, घाटावर नेमलेल्या जागी ठेवावं. कापड आणि प्लॅस्टिकची पिशवी घरी परत न्यावी. तांब्याचा कलश रिता झाला की मात्र पुन्हा चर्चा होते. कुणी तो घाटावरच सोडतात, कुणी गुरुजींना देतात, कुणी घासूनपुसून माळ्यावर ठेवतात. त्याचं काय करायचं, तेही विकत घेतानाच ठरवावं.