कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजे : शुल्क, सत्ता आणि बांधकाम

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज ही शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी आणि प्रवेशासाठी गुणांची अट न घालणारी सार्वजनिक संस्था आहे. राज्याच्या 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्याने गुणानुक्रमातील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, तर वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांचे दार दाखवले आणि बाकी सर्वांची सोय या कॉलेजांत, तीही विनाशुल्क, केली. त्यामुळे त्यांचा कारभार बिघडला की त्याची झळ प्रथम अशांना बसते, ज्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नसते.

राज्यात अशा कॉलेजांचे 73 जिल्हे असून जवळजवळ प्रत्येकाचे विश्वस्त मंडळ स्थानिक मतदार निवडून देतात. 1978 पर्यंत या मंडळांना आपल्या हद्दीतील मालमत्ता कराचा दर ठरवता येत असे. त्या वर्षी सार्वमताने संमत झालेल्या तेराव्या प्रस्तावाने हा कर मालमत्तेच्या नोंदलेल्या मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि तिजोरीच्या किल्ल्या सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्याच्या राजधानीकडे, गेल्या. 1984 मध्ये प्रथमच शुल्क आले : दर श्रेयांकामागे, म्हणजे अभ्यासभाराच्या एककामागे, 5 डॉलर. हा दर विधिमंडळ ठरवते, तो राज्यभर एकच असतो आणि जमा झालेले शुल्क राज्याच्या अनुदानातून जवळजवळ पूर्ण वळते केले जाते. अर्थात शुल्क वाढले म्हणून कॉलेजच्या हाती अधिक पैसा येतोच असे नाही. शुल्कवाढ ही प्रामुख्याने राज्याच्या अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्याची युक्ती असते. मंदी आणि तिच्या झळांच्या काळात, 2009 ते 2012 मध्ये, हा दर 20 डॉलरवरून 46 वर गेला आणि विद्यार्थिसंख्या सुमारे 5 लाखांनी घटली. मात्र गरीब विद्यार्थ्यांना शुल्कमाफी होती, हे ध्यानात घेतले तर या घटीचा मोठा दोष शुल्काकडे न जाता अनुदान आटल्यामुळे रद्द झालेल्या वर्गांकडे जातो.

मग स्थानिक मंडळाच्या हाती उरले काय? मुख्यतः बांधकाम. शैक्षणिक इमारतींसाठी कर्जरोखे काढण्यास पूर्वी दोन तृतीयांश मतांची गरज होती. 2000 मधील एकोणचाळिसाव्या प्रस्तावाने ती 55 टक्क्यांवर आणली, पण या पैशातून शिक्षकांचे वेतन वा दैनंदिन खर्च भागवण्यास मनाई केली. चालू खर्चासाठी भूखंड कर, म्हणजे दर भूखंडामागे आकारायचा कर, बसवायचा तर दोन तृतीयांशांची जुनी अट कायमच राहिली. लॉस एंजेलिस जिल्ह्याने 2001, 2003 आणि 2008 अशा तीन मतदानांत आपल्या नऊ कॉलेजांसाठी एकूण सुमारे 5.7 अब्ज डॉलर मंजूर करून घेतले, आणि यातील सर्वांत मोठा, साडेतीन अब्जांचा, हप्ता नेमका ऐन मंदीत आला. मतदार किंवा विश्वस्त यांना अविचारी म्हणून ही विसंगती उलगडत नाही. कायद्यानेच भिंत उभारणे सोपे आणि तिच्या आत शिकवणे अवघड करून ठेवले आहे.

केंद्रीकरणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कराची सत्ता स्थानिक असताना महागड्या जमिनींचे जिल्हे सुखात असत आणि इतरांची ओढाताण होई. पण वर गेलेल्या सत्तेबरोबर जबाबदारी वर गेली नाही : सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची मान्यता काढून घेण्याचा निर्णय 2013 मध्ये होताच लोकनियुक्त मंडळाचे अधिकार गोठवून राज्याने विशेष विश्वस्त नेमला, परंतु आटलेल्या अनुदानाबद्दल विधिमंडळावर तशी वेळ येण्याची तरतूद कुठेच नाही. याच शहराने 2012 मध्ये भूखंड कर दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी स्वीकारला आणि 2017 पासून रहिवाशांचे शुल्क शहराच्या तिजोरीतून भरण्यास सुरुवात केली; पण हा मार्ग महागड्या मालमत्तांच्या श्रीमंत नगरालाच परवडणारा आहे.

राज्यभरासाठी एक माफक सुधारणा सुचवता येईल. कर्जरोख्यांच्या मतपत्रिकेसोबत बांधकामांची यादी द्यावी लागते. त्याच यादीशेजारी प्रत्येक नव्या इमारतीत किती वर्ग चालतील, त्यांना किती शिक्षक लागतील आणि त्यांचे वेतन कोणत्या निधीतून निघेल, हेही नोंदवणे बंधनकारक करावे, आणि त्या निधीत राज्याचा वाटा किती, याचे उत्तर मतदानापूर्वी विधिमंडळाने द्यावे.