लपवलेल्या पुस्तकाशी भांडण

१९६२ सालच्या एका दिवाळी अंकातली कथा सात वर्षांनी सर्वोच्च न्यायालयासमोर उभी राहिली. मासिक 'रंभा', कथा 'श्यामा', लेखक चंद्रकांत काकोडकर. दंडविधानाच्या २९२व्या कलमाखाली अश्लीलतेची तक्रार झाली होती. खालच्या न्यायालयाने लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला आणि ऑगस्ट १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्तींनी कथेची भलावण केलेली नाही. साहित्य म्हणून ती फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचं कच्चेपण तीत दिसत असेल, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण ती वाचून कोवळ्या वयाची मुलं बिघडतील हे त्यांना पटलं नाही. शरीरसंबंधाचा नुसता उल्लेखही वर्ज्य मानला तर या वयाच्या मुलांना कादंबरी म्हणून काही वाचताच येणार नाही, धर्मग्रंथच तेवढे उरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच वर्षाच्या अखेरीस काकोडकरांच्याच 'नीलांबरी'वर बेतलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि राजेश खन्नासाठी लोकांनी थिएटरं भरून टाकली.

या खटल्याचं कायद्यातलं महत्त्व जाणकार सांगतील. मला त्यात वेगळंच काही दिसतं. उशीखाली ठेवून वाचली जाणारी एक प्रेमकथा निदान एकदा तरी भर उजेडात, ओळन् ओळ, शहाण्या माणसांनी वाचली. तिच्यात काय बरं आणि काय कच्चं, हे दोन्ही मोठ्याने बोललं गेलं. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या अशा किती कथांच्या वाट्याला हे आलं? आणि ते येण्यासाठी कुणावर खटलाच का भरावा लागावा?

माझ्या पिढीची उशीखालची पुस्तकं काळ्या मुखपृष्ठाची होती. पहिल्यावर दोन गोऱ्या हातांच्या ओंजळीत लाल सफरचंद. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' २००५ साली आली, पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन भाग आले आणि २००८ ते २०१२ या काळात पाच चित्रपट. जगभर दहा कोटींच्या वर प्रती गेल्या. नागपुरात ती बर्डीवरच्या दुकानांत मिळायची, कॉलेजात एकीची प्रत दहाजणींच्या हातून फिरायची. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि चारही भाग मी मे महिन्यात वाचले. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं एकच होतं, एवढं इंग्रजी येतं तर काहीतरी चांगलं वाच.

ते मे महिन्यात वाचणं मला आजही महत्त्वाचं वाटतं. नवतप्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. दुपारी बारा ते पाच रस्ते ओस, खिडक्यांना जाड पडदे आणि घराघरांत कूलरची घरघर. त्या कूलरसमोर, ओल्या खसच्या वासात, मी वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या खऱ्याखुऱ्या गावात जात होते. तिथे जवळजवळ रोज पाऊस, सतत ढग, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ. ऊन नाही म्हणूनच तिथे रक्तपिपासूंचं एक कुटुंब निवांत राहतं. उन्हात त्यांची कातडी हिऱ्यांसारखी चमकते आणि गुपित फुटतं. समीक्षकांनी या चमकण्याची खूप चेष्टा केली. बाहेर पडताना डोळ्यांखेरीज सगळा चेहरा स्टोलने गुंडाळून स्कूटी काढणाऱ्या मुलींना उन्हापासून लपणारा नायक मुळीच हास्यास्पद वाटला नाही.

गोष्ट साधी. सतरा वर्षांची बेला वडिलांकडे राहायला येते. वर्गातला एडवर्ड कलन १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता रक्तपिपासू झालेला, तेव्हापासून सतराचाच. त्याचं कुटुंब माणसांना मारत नाही, फक्त जनावरांचं रक्त पितं आणि आपसात स्वतःला शाकाहारी म्हणवतं. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. एकट्या बेलाच्या मनातलं येत नाही.

माझ्या मते या मालिकेची सगळी जादू या शेवटच्या वाक्यात आहे. आमच्या घरांत मुलीच्या मनातलं सगळ्यांनाच आधी कळतं, किंवा कळतं असं तरी सगळे मानतात. आईला चेहऱ्यावरून कळतं, आजीला चालण्यावरून, शेजारच्या काकूंना गाडी किती वाजता आली यावरून. कोणत्या चौकात कोणाशी बोललीस हे तू घरी पोचण्याआधी पोचलेलं असतं. अशा शहरातल्या मुलीपुढे एक पुस्तक येतं, ज्यात सगळ्यांची मनं वाचणारा एकजण तिच्यापाशी येऊन थांबतो. तिला काय वाटतं हे कळून घ्यायला त्याला विचारावं लागतं, उत्तराची वाट पाहावी लागते आणि तो पानंच्या पानं विचारत राहतो. आवडता रंग कोणता, कोणतं गाणं ऐकतेस, लहानपणीचं गाव कसं होतं. इतक्या तपशिलाने मला तोवर कोणीच काही विचारलं नव्हतं. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणींनाही विचारलं नसावं.

दुसरं आकर्षण संयमाचं. आम्ही ज्या सिनेमांवर वाढलो त्यांतला नायक मुलीचा पाठलाग करतो, वाट अडवतो आणि 'नाही'चं 'हो' होईपर्यंत थांबत नाही. इथला नायक आपल्याच ताकदीला घाबरतो. तिच्या इतक्या जवळ असताना आपल्या हातून तिला इजा होईल, या भीतीने तो स्वतःला मागे खेचतो. घाई तिला आहे, थांबवतो तो. आधी लग्न, मग बाकीचं, हा त्याचा आग्रह. मेयर मॉर्मन पंथातल्या आणि त्या पंथाचे नीतिसंकेत या आग्रहात दिसतात, असं अनेकांनी म्हटलं आहे. धरमपेठेतल्या किंवा महालातल्या घराला ते परके वाटले नसते. म्हणून 'यानं मुली बिघडतील' हा आक्षेप इथे अगदीच पोकळ होता. उलट ती आमच्या आयांच्या संस्कारांत चपखल बसणारी गोष्ट होती, फक्त आयांनी ती वाचली नव्हती.

आता नागपूरची दुसरी बाजू. विदर्भ साहित्य संघ १९२३पासून काम करणारा, महेश एलकुंचवार इथले, कवी ग्रेस इथल्या कॉलेजात शिकवत होते. ग्रेसांचा 'संध्याकाळच्या कविता' हा १९६७चा संग्रह माझ्या टेबलावर उघडा असायचा आणि मेयरबाई पलंगाखाली. दोन्ही एकाच मुलीच्या एकाच दिवसातलं वाचन. ग्रेसांची ओळ कळायची नाही आणि तरीही छातीत काहीतरी हलायचं. बेलाची गोष्ट सगळी कळायची आणि तरीही हलायचं. या दोन सुखांची प्रत एक नाही आणि ती एक आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. भाषेला नवं काही करायला लावणं ग्रेसांना जमतं. मेयर यांना ते जमत नाही, त्यांचा नायक प्रत्येक प्रकरणात त्याच चार विशेषणांनी देखणा असतो. मात्र 'न्यू मून' या भागात एडवर्ड सोडून गेल्यावर काही पानांवर नुसती महिन्यांची नावं येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, आणि बाकी पान कोरं. ही जागा कुठल्याही चांगल्या लेखकाला शोभावी अशी आहे. पुस्तक पलंगाखाली असल्यामुळे हे कौतुकही करायचं राहून गेलं.

लाजेची वाटणी सगळ्या वाचकांत सारखी झालेली नाही, याचा मला खरा राग आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. शाळेत त्या जप्त व्हायच्या, आज 'आम्ही अर्नाळकरांवर वाढलो' हे थोरामोठ्यांच्या आत्मकथनांत अभिमानाने येतं. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट आला, गाजला, कादंबरी पुन्हा हातोहात गेली. नारायण धारपांनी तर रक्तपिपासू मराठीत केव्हाच आणले होते. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५च्या कादंबरीवर बेतलेली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा त्यांच्या मित्राने १९९३ साली आमच्या इथल्या नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली. त्या रात्रीच्या भीतीतून पुढे 'तुंबाड' उभा राहिला आणि २०१८ साली व्हेनिसपर्यंत गेला. मला या सगळ्याचा आनंदच आहे. पण कुमुदिनी रांगणेकर? शैलजा राजे? वाचनालयांतून ज्यांच्या कादंबऱ्या बायकांनी पानं सुटेपर्यंत वाचल्या, त्या लेखिकांवर वाढल्याचं अभिमानाने सांगणारं कुणी मला भेटलेलं नाही. भीती आणि खून यांची आवड वय वाढल्यावर रम्य आठवण होते. प्रेमाच्या गोष्टीची आवड मात्र बाईने जन्मभर लपवायची. खरं तर 'मुक्तामाला' १८६१ची आणि 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरी चालायला शिकली तीच अद्भुत प्रेमकथांचं बोट धरून.

रक्तपिपासू प्रेमिक नंतर आपल्याकडे उघडपणे वावरू लागले. २०१०-११मध्ये स्टार वनवर 'प्यार की ये एक कहानी' ही मालिका चालली, २०२५च्या दिवाळीत आदित्य सरपोतदारांचा 'थामा' आला. बाजाराला लाज नसते. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे.

लपवण्याचा खरा तोटा मला पुढे, काही वर्षांनी दिसू लागला. लपवलेल्या आवडीशी भांडता येत नाही. एडवर्ड बेलाला न सांगता रात्री तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिसऱ्या भागात तिने जेकब या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो. एकतर्फी प्रेमातून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत वाचत आम्ही मोठ्या झालो होतो. 'काळजी करतो' आणि 'ताबा ठेवतो' यांत फरक कुठे करायचा, हा आमच्या जगण्याचा प्रश्न होता. या पानांवर बोलायला त्याहून चांगलं वय कुठलं? पण बोलणार कोणाशी? पुस्तक वाचतो हेच कबूल नव्हतं. शेवटच्या भागात बेलाच्या तान्ह्या मुलीशी जेकबचं भवितव्य बांधून टाकलं आहे. ते मला तेव्हाही किळसवाणं वाटलं होतं आणि ती किळसही मी मुकाट गिळली.

जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा, ती खरी आहे. फोर्क्सजवळ ला पुशला त्यांची वस्ती आहे. त्यांच्या उत्पत्तिकथेत लांडगे आहेत. त्या लांडग्यांना मेयर यांनी आपल्या रक्तपिपासूंशी लढायला लावलं आणि जगाला तीच त्यांची पुराणकथा वाटू लागली. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने. ज्यांच्या कथा बाहेरचेच सांगत आले अशा समाजांच्या शेजारी आम्ही राहतो. यावर तर फोर्क्सपेक्षा नागपुरात जास्त चांगली चर्चा झाली असती.

आपल्या जुन्या गोष्टीतला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून त्याला गोष्ट सांगतो. गोष्ट रंगवून सांगतो, राजा रमतो, आणि मग वेताळ विचारतो, सांग, यात न्याय कोणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. 'चांदोबा'त महिन्यामागून महिने हे वाचत आम्ही वाढलो. गोष्टीत रमणं आणि गोष्टीला जाब विचारणं ही एकाच बैठकीतली कामं आहेत, ही आमची घरचीच शिकवण होती. इंग्रजी पुस्तकाच्या रक्तपिपासूपाशी येऊन ती तुटली, कारण मध्ये लाज आली.

म्हणून आता माझ्या घरी हे पुस्तक दिवाणखान्यात, शेल्फाच्या मधल्या फळीवर असतं. माझी सोळा वर्षांची भाची सध्या ते वाचते आहे. मी तिला काहीच आधी सांगितलं नाही, तिचं रमणं मोडायचं नव्हतं. तिसरा भाग संपल्यावर मी इंजिनचा विषय काढला आणि एडवर्ड मला त्या पानावर का सहन होत नाही ते सांगितलं.

"आत्या, तू एकच सीन धरून बसून राहिली," ती उसळून म्हणाली. "त्या रात्री तिनं खिडकी लावून घेतली नव्हती का? तो येऊ नये म्हणूनच ना?"

मी म्हटलं, लावली, पण थोड्या वेळाने तिनेच सताड उघडली. तेच मला खुपतं.

"पण तिनं उघडली ना! त्यानं नाही उघडली."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, तिच्याकडे त्याच्यावरचं उत्तर होतं. रागावलेल्या माणसाने स्वतः दार उघडणं म्हणजे मोकळेपण की सवय, इथपासून तिच्या वर्गातल्या कोणत्या मुलीचा मोबाइल तिचा मित्र तपासतो, इथपर्यंत आम्ही गेलो. तिच्या आईने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतःच येऊन बसली आणि तिने भाचीची बाजू घेतली, हे मला अनपेक्षित होतं. तिने ती पुस्तकं २०१०मध्ये, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, सासूबाई झोपल्यावर वाचली होती, हेही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चौथा भाग आता दोघी मिळून वाचताहेत. जेकबचं प्रकरण यायचं आहे.