घटनातज्ज्ञांनी फळा पुसावा काय?

आमच्या एका ज्येष्ठ स्तंभलेखक मित्रांनी मध्यंतरी कायद्याच्या अभ्यासकांना चांगलेच झोडपले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झाल्यापासून हे घटनातज्ज्ञ वाहिन्यांवर बसून ‘सोळा आमदार अपात्र होणारच’ असे छातीठोकपणे सांगत होते. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी कुणालाच अपात्र ठरवले नाही. तेव्हा या मंडळींनी आता मुकाट्याने वर्गावर जावे आणि फळा पुसावा. लेख खुसखुशीत होता, आणि गल्लतही तितकीच ठसठशीत.

मुळात निकाल काय लागेल हे सांगणे अभ्यासकाचे काम केव्हापासून झाले? राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हाती ठेवला आहे आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाकांवरूनच निवडून येतात. तिथे भाकीत करायला घटनातज्ज्ञ कशाला हवा? बेरीज येणारा कोणीही पुरे. पण वाहिनीवाल्यांना पंचांग हवे असते, आणि आमचे काही विद्वान हौसेने मुहूर्त सांगत बसतात. मित्राने झोडपायला हवे होते ते या हौसेला. झोडपली त्याने विद्वत्ता.

विद्वत्तेने काय करावे याचा नमुना हवा असेल तर १९७९ सालात जावे लागेल. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. (प्रकरण आजही तिच्याच नावाने ओळखले जाते. मी ते लिहिणार नाही.) सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे जे झाले ते राजीखुशीने, असा तो हिशोब.

निकालाला वर्ष उलटल्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांना खुले पत्र लिहिले. या पत्रात भाकीत एकही नाही. निकालपत्रात काय आहे आणि काय गाळले आहे, याची ती जवळजवळ ओळीओळीने केलेली तपासणी आहे. रात्रीची वेळ, नातेवाईक बाहेर, दार आतून बंद, समोर गणवेशातला माणूस. अशा ठिकाणी त्या वयाच्या मुलीने आरडाओरडा करून, झटापट करून अंगावर खुणा उमटवून घ्यायला हव्या होत्या काय? मुकाट्याने सोसणे वेगळे आणि संमती वेगळी, हा फरक नागपूर खंडपीठाला दिसला होता. दिल्लीत तो कुठे हरवला? शिवाय न्यायमूर्तींनी लवाजमा न घेता, ओळख न देता दिल्लीजवळच्या खेड्यांतली काही पोलीस ठाणी पाहून यावीत, अशी सूचनाही त्यात होती. देशाच्या सरन्यायाधीशांना हे सांगायला काय लागत असेल, याचा अंदाज मित्राने करून पाहावा. या चौघांनीही, त्याच्या हिशोबाने, वर्गावरच जायला हवे होते.

इथवर लिहिल्यावर मित्राच्या बाजूने एक आक्षेप मीच उभा करतो, कारण त्याने तो केला नाही आणि तो खरा जड आहे. पत्राने न्यायालय हलले नाही. निकाल फिरला नाही. १९८० मध्ये मुंबई-दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे संसदेला जाग आली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर ते खरे धरून चालावे, अशी तरतूद आली. म्हणजे नुसत्या विद्वत्तेने पान हलत नाही, हे मान्य. अभ्यासकाने सावकाश बोलावे असे मी आजवर म्हणत आलो. आता मला ते अपुरे वाटते. वर्षभर थांबणे हा काही स्वतंत्र गुण नव्हे, त्या मुलीला त्याचा काय उपयोग? प्रकरण बातम्यांतून उतरल्यावरही त्याला चिकटून राहिले आणि दुसऱ्यांच्या हाती लागेल असे काहीतरी लिहून ठेवले, ही त्या चौघांची कमाई.

आमचे घटनातज्ज्ञ कमी पडतात ते इथे. ११ मे २०२३ ला, यशवंत चंद्रचूड यांच्याच चिरंजीवांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आणि खरा पक्ष कोणता हे ठरवताना अध्यक्षांनी विधानसभेतल्या बहुमतावर डोळे झाकून विसंबू नये. राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी बोलावणे चुकीचे, पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, हेही त्याच निकालात. आठ महिन्यांनी अध्यक्षांनी शिवसेनेची २०१८ ची पक्षघटना बाजूला सारून १९९९ ची धरली आणि अखेर वजन टाकले ते विधिमंडळातल्या बहुमतावरच. ही दोन निकालपत्रे शेजारी ठेवून, परिच्छेदाला परिच्छेद भिडवून, ‘डोळे झाकून’ आणि ‘डोळे उघडे ठेवून’ यांत नेमका फरक किती पडला हे सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत मांडणारे पुस्तक मला हवे आहे. सोळा आमदारांवर पैज लावणाऱ्यांपैकी कोणी ते लिहायला घेतले, तर पहिली प्रत मी मित्राला नेऊन देईन, आणि तिचे परीक्षण त्याच स्तंभात मागेन.