आठ आण्यांचा उजेड

पहाटे मालवणच्या धक्क्यावर जाताना हल्ली खिशात एक चिठोरं असतं. दुकानदाराने कॅमेरे दाखवता दाखवता लिहून दिलेलं: एफ/२, आयएसओ १००, एपीएस-सी, २४ मेगापिक्सेल. मला हवा होता सिंधुदुर्ग किल्ल्याचा सकाळचा एक बरा फोटो. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागून उगवतो आणि पहिलं ऊन थेट समोरच्या तटावर. १६६४ साली पाया घातला, तेव्हापासून हे चाललंय. तिथे मेगापिक्सेल कुणी विचारले नव्हते.

धक्क्यावरच्या बोलण्यातही मतलई, भांग, आस असे शब्द येतातच. मुंबईच्या पाहुण्याला तेही आयएसओइतकेच परके. पण आस, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचं माप, त्यात निदान फसवाफसवी नाही. आकडा मोठा तर भोक मोठं, लहान मासा निसटणार. कॅमेऱ्यात सगळं उलटं. एफ/२ म्हणजे भोक मोठं आणि एफ/१६ म्हणजे बारीक. का, ते दुकानात विचारायची लाज वाटली. या वयात आपण मान डोलावण्यात पटाईत झालेले असतो.

चिठोरं शेवटी आईच्या हाती लागलं. ती ऐंशीच्या पुढची, खळ्यात बसून कुळीथ निवडत होती. एफ म्हणजे भिंगाचं अंतर आणि खालचा आकडा म्हणजे त्याचे किती भाग, एवढं मी कुठेतरी वाचलेलं तिला सांगितलं.

"मगे सोळा मोठो कसो?" ती म्हणाली. "रुपयाचो सोळावो भाग म्हणजे एक आणो. दुसरो भाग म्हणजे आठ आणे. आता तूच सांग, मोठा काय ता."

मी बघतच राहिलो. निमकी-पावकी तोंडपाठ असलेल्या पिढीला अपूर्णांकाचं भय नव्हतं. १९५७ साली नवे पैसे आले आणि आमच्या हातात नुसते दशांश उरले. पन्नास मिलिमीटरचं भिंग हा रुपया धरला, तर एफ/२ ला भोक पंचवीस मिलिमीटरचं, आठ आणे. एफ/४ ला चार आणे, एफ/८ ला दोन. (उजेडाचा हिशेब मात्र क्षेत्रफळाने चालतो. भोकाची रुंदी निम्मी झाली की उजेड पाव उरतो. हे आईला सांगितलं नाही, तिने तेही लगेच सोडवलं असतं.)

आज पहाटे भाच्याचा जुना कॅमेरा मागून आणला होता. होड्या अजून काळ्याच दिसत होत्या, वारा जमिनीकडून. मी आठ आणे ठेवले. तटावर ऊन आलं तसा दोन आण्यांवर आलो. शेजारी जाळं झटकणाऱ्याने विचारलं, "किती मेगापिक्सेल?"

चिठोरं घरीच राहिलं होतं.