सायटेशन आणि कर्मफळ

एखाद्या संशोधकाच्या निष्कर्षाचा आधार दुसऱ्याने आपल्या शोधनिबंधात नोंदवला की त्याला सायटेशन म्हणतात. अशा नोंदींची सूची करण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. एखादा निबंध पुढे कोणी वापरला, कोणी खोडून काढला, हे वाचकाला कळावे हा तिचा हेतू. सूचीचे मापात रूपांतर नंतर झाले. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन मिळाली, पण एकवीस निबंधांना एकवीस नाहीत, त्याचा निर्देशांक वीस. नेमणुका आणि बढत्या या आकड्याकडे पाहून होऊ लागल्या, तेव्हा कर्माचे फळ नेमके कोणते हा गीतेतला प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

रायगड जिल्ह्यात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत. या विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोट सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध आवळलेल्या वाहिन्या सैल करते. विंचूदंशात ते कसे उपयोगी पडते याचा निबंध त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मरे. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

या कामाची सायटेशन किती? कर्करोगासारख्या मोठ्या विषयावरच्या गाजलेल्या कामाशी तुलना केली तर थोडीच भरतील, कारण विंचूदंशावर लिहिणारे मुळात थोडे. शिवाय ग्रामीण दवाखान्यातला डॉक्टर प्राझोसिनची गोळी देतो तेव्हा तो निबंध लिहीत नाही. एखादा शोध पाठ्यपुस्तकात मुरला की त्याचा मूळ निबंध उद्धृत करण्याची गरजच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे ज्ञानव्यवहाराचे एक लक्षण म्हणून नोंदवले आहे. म्हणजे यश पूर्ण झाले की मोजणी थांबते. या मापाचा हा दोष किरकोळ नव्हे.

फळाचे माप असे अपुरे असेल, तर गीतेचा फलत्याग आठवतो. त्याची सर्वांत रोखठोक मराठी मांडणी रायगड जिल्ह्यातल्याच माणसाची. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फळ सोडणाऱ्याचे कर्म ढिले पडत नाही, उलट अधिक नेटके होते, कारण फळाकडे लागलेले चित्तही कामात ओतले जाते, असा विनोबांचा रोख आहे.

यावरून संशोधकाने निबंध लिहूच नयेत असे अनुमान कोणी काढील, तर ते चुकीचे ठरेल. छापणे हा संशोधनाच्या कर्माचाच भाग आहे. न छापलेला उपाय तपासता येत नाही, आणि न तपासलेला उपाय व मांत्रिकाचा उतारा यांत बाहेरून फरक दिसत नाही. सायटेशन देणे हेही कर्तव्यच. परंपरेने सांगितलेले ऋषिऋण अध्ययनाने फिटते, आणि पूर्वसूरींचा नामनिर्देश हा त्याचा आजचा छोटा हप्ता. फळाच्या खात्यात जाते ते फक्त मिळालेले सायटेशन.

फळावरची आसक्ती सुटल्याची खूण एकच: स्वतःचा गाजलेला निष्कर्ष पुन्हा कसाला लावण्याची तयारी. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे तिने दाखवले. ज्या उपचाराने नाव झाले त्याहून सरस उपचार आहे, हे त्या नावानेच छापले.

संशोधकाने आसक्ती सोडली तरी मूल्यमापन करणाऱ्यांचे काम उरतेच. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला. निबंध कुठे छापला यापेक्षा त्यात काय आहे हे पाहा, असे तो सांगतो. निवड समित्यांनी निदान एवढे करावे: उमेदवाराचा आकडा विचारण्याआधी त्याचा एक निबंध पूर्ण वाचावा.