धान उधारीवर

धानपट्ट्यात कर्ज एके काळी धानातच मोजलं जाई. पऱ्हे टाकायला बियाणं नसलं की मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, कोठीतून धान उचलायचा आणि सुगीला सवाईने नाहीतर दिढीने परत करायचा. सहा महिन्यांत दीडपट! या पट्ट्यातला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि ज्याचं तळं त्याचीच कोठी, असा कारभार होता. त्यामुळे गरिबी कशाने, या प्रश्नाचं पहिलं उत्तर समोरच बसलेलं होतं: सावकार. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, नंतर १९३० च्या दशकात मध्य प्रांताने केलेले सावकारीचे आणि कर्जतडजोडीचे कायदे, हे सगळे त्याच उत्तरातून निघाले.

१९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण कर्जपुरवठ्याचा अहवाल आला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. पन्नास वर्षं सावकाराला शिव्या घालूनही त्याच्या ओट्यावरची गर्दी हटली नव्हती, कारण दुसरा ओटा कोणी बांधलाच नव्हता. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. लहान शेतांच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ मध्येच लिहून ठेवलं होतं की शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात भांडवल किती आणि राबणारे किती यावर ठरतं. आणि शेतीतले जादा हात उद्योगांत गेले पाहिजेत. धोरण आखणाऱ्यांनी यातलं भांडवल तेवढं उचललं. हातांचं काय करायचं, ते राहून गेलं.

मग शाखांचं युग सुरू झालं. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हाच घटक धरून विचार करा म्हटलं, त्यातून अग्रणी बँकेची योजना आली. १९७७ पासून तर बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची तर नसलेल्या ठिकाणी चार काढा, असा नियमच होता. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये दाखवलं की या शाखांमुळे ग्रामीण दारिद्र्य खरोखर घटलं. मला तो पुरावा पटतो. सरकारी बँकांना नुसतं बुडीत कर्जांवरून मोजणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

१९९२ ला बचतगट बँकांना जोडले गेले, २०१४ ला जनधन आलं, आता गावातल्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवून पैसे निघतात (लिंक असेल तर). दर टप्प्यावर प्रश्न एकच होता: गरिबापासून बँक किती लांब? ते अंतर मैलांवरून अंगठ्यापर्यंत आलं.

पण लाखांदूर किंवा मोहाडीच्या धान खरेदी केंद्रावर डिसेंबरात उभं राहिलं की हा प्रश्नच अपुरा वाटतो. ट्रॅक्टरची रांग, बारदाना संपलेला, ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की पोतं बाजूला. शेवटी काटा होतो, पावती मिळते आणि माणूस घरी जातो. पैसे मिळत नाहीत. चुकारा कधी आठवड्यांनी येतो, कधी महिने जातात. इकडे पीककर्ज शून्य टक्क्याचं राहायचं तर बँक ३१ मार्च दाखवते. तारीख चुकली की व्याज. धान देऊन बसलेला शेतकरी सरकारला बिनव्याजी उधार देतो आणि स्वतःच्या उधारीवर व्याज भरतो. मालगुजाराने निदान दिढी तरी उघडपणे मागितली होती. ज्याला थांबणं परवडत नाही तो हमीभावाहून कमी दरात व्यापाऱ्याला धान देतो, कारण तिथे रोख मिळते. थांबता येणं ही इथली खरी श्रीमंती, आणि कोणत्याही वार्षिक पतआराखड्यात तिचा रकाना नाही.

ठेक्याने किंवा बटईने बांधी करणाऱ्याची गोष्ट याहून अवघड. रोवणी त्याची, निंदण त्याच्या बायकोचं, खताची उधारी कृषी केंद्रात त्याच्या नावावर. सातबारा मात्र मालकाचा. पीककर्जाला सातबारा लागतो, खरेदी केंद्राच्या नोंदणीलाही तोच लागतो. म्हणून धान त्याचा असला तरी चुकारा बहुधा मालकाच्या खात्यावर उतरतो. पूर्वी राज्य सरकारचा धानावरचा बोनस क्विंटलमागे असे, निदान पिकवलेल्या धानाशी त्याचं नातं होतं. आता तो हेक्टरमागे आहे. २०२३-२४ च्या खरिपासाठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. हेक्टर कोणाचे, हे तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेलं आहे. बटईदाराचंही जनधन खातं आहे, आधारला जोडलेलं, चालू असलेलं. आर्थिक समावेशनाच्या तक्त्यात तो आत आलेला माणूस म्हणून मोजला गेला आहे.